चंदगडची कणगी

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या गच्चीवर एक विलायती पाहुणा मुक्कामाला आला होता. त्याचे नाव आर्टिचोक. माझ्या भाच्याने इटलीहून येताना त्याच्या बियांची एक चकचकीत पुडी आणली होती. पुडीवरच्या चित्रात हिरव्या कमळाच्या कळीसारखे, खवल्याखवल्यांचे एक फळ होते. फळ कसले, कळीच ती! ती उमलण्याआधी कापायची, उकडायची आणि एकेक पाकळी ओढून तिचे बूड दातांनी खरवडून खायचे. थोडक्यात, आमटीतल्या शेवग्याच्या शेंगेसारखाच हा प्रकार. खाणे थोडे आणि ताटाबाहेर ढीग मोठा. हिंदीत याला 'हाथीचक' म्हणतात, असे मला कोशात सापडले. तेव्हापासून आमच्या घरात त्या कुंडीला 'हत्तीची कुंडी' हेच नाव पडले.

पाहुण्याचे आम्ही काहीएक कमी केले नाही. शेणखत घातले, उन्हात सावली केली, शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. वर्षभरात रुपेरी, कातरलेल्या पानांचे भले मोठे झुडूप झाले. परंतु कळी काही येईना. दुसरे वर्ष गेले, तरी येईना. शेवटी आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना मी घरी आणले. त्यांनी झुडपाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "याला कळी धरायला कित्येक आठवडे चांगली कडाक्याची थंडी लागते. पुण्याची थंडी म्हणजे त्याच्या लेखी आपला आषाढ! पाने बघा आणि समाधान माना."

चहा घेता घेता बाईंनी मला या आर्टिचोकच्या गोतावळ्याची हकीकत सांगितली. एक हा काटेरी, कळीचा. दुसरा म्हणजे 'जेरुसलेम आर्टिचोक'. तो ना जेरुसलेमचा, ना आर्टिचोक! तो सूर्यफुलाचा सख्खा भाऊ, मूळचा उत्तर अमेरिकेचा. 1605 साली शांप्लेन नावाच्या फ्रेंच प्रवाशाने तिथल्या मूळ रहिवाशांच्या मळ्यांत तो पाहिला आणि त्याची चव आपल्याकडच्या आर्टिचोकसारखी लागते, असे लिहून ठेवले. झाले! नाव चिकटले ते चिकटलेच. तिसरा चिनी आर्टिचोक. तो तुळशी-पुदिन्याच्या कुळातला आणि त्याचे कंद वळ्या पडलेल्या अळीसारखे. "या दुसऱ्याची गंमत अशी," बाई म्हणाल्या, "की याचे खायचे सगळे मातीखाली. एकेका झाडाखाली बोटाबोटाएवढे, वेडेवाकडे, मूठ-दोन मुठी कंद. उकडले की गोडसर लागतात."

त्या बोलत होत्या आणि माझे लक्ष भलतीकडेच गेले होते. वेलाखालची मूठभर वेडीवाकडी बाळे, उकडलेली, गोडसर... हे वर्णन मी जन्मभर ओळखत होते. ती माझ्या आईची कणगी होती.

शहरी वाचकांपैकी अनेकांना कणगी म्हटले की धान्य साठवायची बांबूची, शेणाने सारवलेली कणगीच आठवेल. मी म्हणते ती कणगी हा एक कंद. उंधियूत घालतात त्या जांभळ्या कोनफळाच्या जातकुळीतला, पण लहान चणीचा. कोकणात आणि गोव्यात तो घरोघरी ठाऊक आहे. घाटावर मात्र सह्याद्रीच्या कुशीतली गावे सोडली, तर त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. माझ्या आईचे माहेर चंदगडचे. लग्न होऊन ती पुण्याला आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत दोन लुगड्यांच्या घडीत कणगीचे बियाणे होते. पेठेतल्या भाड्याच्या वाड्यात हौदाशेजारी, पुढे सदनिकेत आल्यावर पत्र्याच्या डब्यात, तिने तो वेल दरवर्षी लावला. मार्गशीर्षात डबा पालथा करायचा, कंद मिठाच्या पाण्यात उकडायचे, गरम गरम सोलून खायचे. आणि त्यांतले चांगले दहा-बारा निवडून माळ्यावर टोपलीत ठेवायचे. ते पुढच्या वर्षाचे बियाणे. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

पाच वर्षांपूर्वी वैशाखात आई गेली. तेरा दिवस, मग कागदपत्रे, मग महाविद्यालयाचे प्रवेश, परीक्षा. माळ्यावरच्या टोपलीची आठवण मला झाली ती दिवाळीच्या साफसफाईत. टोपलीत सुरकुतलेली, पोकळ सालपटे होती. अंधारात, पाण्यावाचून त्या कंदांनी वेळेवर कोंब काढले होते, माती शोधली होती, आणि ती न सापडल्यामुळे ते वाळून गेले होते. ज्वारीचे बी एक वर्ष नाही पेरले, तरी पुढच्या वर्षी उगवते. कणगीचे तसे नाही. तिला बी जवळजवळ धरतच नाही. कंदातून वेल आणि वेलातून कंद, हीच तिची वंशावळ. एका पावसाळ्याचा खंड पडला, की ती वंशावळ तिथेच संपते. कणगीला सुतक कळत नाही.

विलायती हत्तीला दोन वर्षे पोसणाऱ्या मला आईची टोपली मात्र राखता आली नव्हती. बाई निघून गेल्यावर मी मामीला फोन केला. मामी एवढेच म्हणाली, "मार्गशीर्षात ये. त्याच्या आधी आलीस, तर पानंच बघून जाशील."

म्हणून गेल्या मार्गशीर्षात, बारा वर्षांनंतर, मी चंदगडला निघाले.

चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचा नैर्ऋत्येचा कोपरा. एका बाजूला बेळगाव, एका बाजूला आंबोलीचे डोंगर, आणि कड्याखाली तळकोकण. कोल्हापूरहून गडहिंग्लजवरून जाता येते. मी आईची वाट धरली, बेळगावहून. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर शिनोळी लागली, की कर्नाटकातून पुन्हा महाराष्ट्रात आल्याचे पाटीवरून कळते. एरवी कळायला काही मार्ग नाही. माती तीच, कौले तीच आणि गाडीत चाललेले मराठीही तेच, शब्दाच्या शेवटाला जरा कानडी हेल घेणारे. 1956 पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि एकटा चंदगड तालुका वेगळा काढून मुंबई राज्यात राहिला, तो कोल्हापूरला जोडला गेला. कचेरी बदलली, पण बाजार काही बदलला नाही. लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना आणि शेतातला माल, यांसाठी इथला माणूस आजही बेळगावची गाडी पकडतो.

हा माल म्हणजे मुख्यतः रताळी. तुम्ही-आम्ही आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला पिशवी घेऊन बाजारात जातो, तेव्हा त्या ढिगाऱ्यातली कितीतरी रताळी बेळगावच्या बाजारातून आलेली असतात, आणि त्या बाजारात ती बेळगाव-खानापूरच्या लाल मातीतून आणि चंदगडच्या शिवारातून आलेली असतात. शिनोळीपासून पुढे रस्त्याच्या दुतर्फा मला तीच दिसत होती. कुठे वेल काढून टाकलेले मोकळे वरंबे, कुठे पोत्यांच्या थप्प्या, कुठे ओळीने बसून रताळ्यांची माती झाडणाऱ्या बाया. मध्ये उसाचे फड, काजूच्या बागा, आणि मग हळूहळू जवळ येणारा सह्याद्री. पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड आणि महिपाळगड, असे चार किल्ले या एका तालुक्यात आहेत. मराठीची अध्यापिका असल्यामुळे ताम्रपर्णीकाठच्या कोवाडला जाऊन यावे, 'स्वामी'कार रणजित देसायांचे गाव पाहावे, असेही मनात होते. पण माझ्या पिशवीत रिकामी टोपली होती, आणि मन पुढे धावत होते.

मामाचे घर रवळनाथाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओसरी, मागे गोठा, आणि गोठ्यामागे परडे. पुण्यात आपण 'परसबाग' म्हणतो आणि चार कुंड्या मांडतो. परडे ही चीजच वेगळी. न्हाणीघराचे पाणी जाते तिथे अळू आणि केळी, गोठ्याच्या बाजूला उकिरडा, त्याच्या कडेला सुरण, आणि कुंपणाच्या झाडांवर चढवलेले वेल. त्याला आखणी नाही आणि तरी एक वीत जागा वाया गेलेली नाही.

"आलीस काय?" मामी पदराला हात पुसत म्हणाली. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पण चाल तीच. "चहा घे आणि चल. ऊन डोक्यावर आलं की माझ्यानं खणायचं नाही."

त्या दिवशी मामीने मला जे दाखवले, ते वर्गात शिकवायचे म्हटले तर एक सत्र पुरणार नाही. पहिल्यांदा कोनफळ. त्याचा वेल चौकोनी, कडांना झालरीसारखे पंख असलेला. हाताने चाचपून मामी म्हणाली, "हा बघ कसा वळतोय. आता ही कणगी बघ." मी पाहिले. कोनफळाचा वेल आधाराभोवती एका दिशेने वळला होता आणि कणगीचा बरोबर उलट दिशेने. पाने सगळी गळून गेली, तरी मामी नुसत्या वाळक्या काडीवरून खाली कोण झोपले आहे ते सांगू शकत होती. कोनफळाची पाने समोरासमोर, जोडीजोडीने येतात. कणगीचे पान बदामासारखे आणि एकेकटे, वेलाला बारीक काटे. तिसरा वेल करांद्याचा. त्याची तऱ्हाच न्यारी. त्याचे कंद जमिनीत शोधायचे नाहीत, ते वर वेलालाच बटाट्यांसारखे लोंबतात. चवीला कडवट, म्हणून नीट उकडून मगच खायचे.

सुरणाची जागा उकिरड्याजवळ. त्याच्या अंगात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि खाज सुटते. म्हणून त्याला चिंच नाहीतर आमसूल हवेच. "ह्यो खाजरा हाय," मामी म्हणाली, "त्या बाजूचा तो नवा, गजेंद्र. तो न खाजणारा." सुरणाला इंग्रजीत 'हत्तीच्या पायाचा कंद' म्हणतात आणि त्याच्या सुधारलेल्या जातीचे नाव गजेंद्र! मी तिला आमच्या गच्चीवरच्या हाथीचकाची गोष्ट सांगितली. मामी हसली नाही. "आमच्याकडं खराच येतोय," ती म्हणाली. आणि ते खरे आहे. या शतकाच्या आरंभापासून कर्नाटकाच्या जंगलातून रानहत्ती या बाजूला उतरू लागले. ऊस, केळी, भात यांचा ते चुराडा करून जातात. तेव्हापासून या तालुक्यात हत्ती हा विनोदाचा विषय राहिलेला नाही.

आणि शेवटी रताळी. एक तांबड्या सालीचे, एक पांढऱ्या. शेतातले पीक शेतात निघाले होते, ही मामीची घरची. रताळ्याचा कंद सहसा कोणी लावत नाही, लावतात ते वेलाचे तुकडे. उन्हाळ्यात विहिरीच्या ओलाव्याला थोडा वेल जगवून ठेवायचा, आणि मृग लागला की त्याचे वीत-वीत तुकडे करून वरंब्यावर तिरके खोचायचे. चार महिन्यांत पीक. मध्ये एकदा मातीची भर द्यायची, नाहीतर भेगांतून सोंड्या किडा आत शिरतो आणि गोड रताळे कडू करतो.

मला राहवले नाही. मी मामीला शब्दाची गोष्ट सांगितली. रताळे हा शब्द संस्कृत 'रक्तालु'वरून आला. परंतु रताळे मूळचे अमेरिकेचे, ते आपल्याकडे आले पोर्तुगिजांच्या काळात. मग त्याआधीचा रक्तालु कोण? तो बहुधा कोनफळासारखा तांबडा कंद असावा. नवा पाहुणा आला आणि घरच्या माणसाचे नाव घेऊन बसला! उलट अमेरिकेतून निघताना रताळ्याचे जे मूळचे नाव होते, 'बटाटा', ते आपण भलत्याच कंदाला देऊन टाकले. सूर्यफुलाच्या भावाला आर्टिचोक म्हणणाऱ्या गोऱ्या लोकांना आपण हसायचे कारण नाही.

मामीने ऐकून घेतले आणि कुदळ माझ्या हातात दिली. "नाव कुणाचं बी असू दे. उगवलं म्हंजे झालं. खण. वेलापास्नं हातभर लांबून, आणि हळू."

मी खणले. माती भुसभुशीत, राखेची. हात घालून चाचपले, आणि बोटांना गोल गोल काही लागले. एक, दोन, पाच, अकरा. एका वेलाखाली अकरा कणग्या, तपकिरी सालीच्या, अंगावर मुळांची लव. वास आईच्या हातांचा होता. मी तशीच बसून राहिले. मामीने काही विचारले नाही. तिने फक्त पदराने त्यांची माती पुसायला सुरुवात केली.

दुपारी चुलीवर कणगी उकडली. निखाऱ्याच्या राखेत मामीने चार रताळीही पुरली. घाईने कुकरमध्ये उकडलेले रताळे आणि राखेत हळूहळू भाजलेले रताळे यांत फरक का पडतो, ते वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी मला आधीच सांगितले होते. मंद आचेवर रताळ्यातल्या पिष्टाची साखर व्हायला वेळ मिळतो. मामीला ते कारण ठाऊक नव्हते, आणि तिचे रताळे मधासारखे झाले होते.

जेवताना मी मनातले बोलले. "मामी, आईची कणगी माझ्या हातून गेली. तुझ्याकडे चंदगडची मूळची आहे, म्हणून बरे. नाहीतर..."

"मूळची?" मामी म्हणाली. "अगं, ही तुझ्या आईचीच."

मला समजेना. मग मामाने सांगितले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका वर्षी पावसाळ्यानंतर रानडुकरांनी परडे उकरले. कुंपण मोडून एका रात्रीत कणगी, कोनफळ, सगळे साफ केले. जे राहिले ते साळिंदराने नेले. बियाण्यालासुद्धा एक कंद उरला नाही. मामाने पुण्याला पत्र लिहिले, ते दुसऱ्याच कामासाठी. शेवटी एक ओळ या नुकसानीची होती. पंधरवड्यात पुण्याहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरने एक पुडके आणून दिले. आत आईच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या चोवीस कणग्या होत्या.

"तिच्या डब्यात पिकून पिकून किती पिकणार?" मामी म्हणाली. "सगळ्याच दिल्या असतील त्या साली. तुम्ही पोरांनी खाल्लीच नसेल."

मला एकदम आठवले. एका थंडीत आईने कणगी उकडलीच नव्हती. "यंदा पीक धरले नाही," असे ती म्हणाली होती, आणि आम्ही भावंडे रुसलो होतो. तिने आम्हाला खरे कारण कधीच सांगितले नाही. आज कळत होते, की माहेराहून नेलेले तिने माहेराला परत केले होते, आणि त्याचा बोभाटा केला नव्हता.

"मग मी शिकले," मामी पुढे म्हणाली. "त्या सालापास्नं मी दरसाल चार घरांत कणगी देते. वरच्या आळीत, माझ्या माहेरी, पलीकडं कोकणात लेकीला. चार घरांत असली, म्हंजे आपल्या घरात असती. एकट्यानं राखतो म्हटलं, तर डुक्कर हाय, पाऊस हाय, मरण हाय."

हे ती कोणत्या पोथीतले सांगत नव्हती. परंतु तिरुवनंतपुरमला 1963 साली स्थापन झालेली कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था वेगळे काय करते? तीही देशोदेशींचे कंद गोळा करते आणि ते जिवंत राहावेत म्हणून पुन्हा पुन्हा लावते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रताळ्याची 'कोकण अश्विनी', कणगीची 'कोकण कांचन' अशी वाणे काढली, तीही कुणाच्या ना कुणाच्या परड्यातल्या अशाच वेलांपासून सुरुवात करून. वर्षातून एकदा मातीत हात घातल्याशिवाय हा वारसा टिकत नाही. कपाटात ठेवून राखता येईल अशी ही वस्तूच नव्हे.

निघायच्या दिवशी मामेभाऊ भेटला. त्याने सांगितले, की उन्हाळ्यात जुने घर पाडून नवे बांधायचे आहे. परड्याची अर्धी जागा त्यात जाणार. त्याचेही खोटे नव्हते. मोठे कुटुंब, गळणारी कौले, मुलांना अभ्यासाला खोली नाही. मी मामीकडे पाहिले. मला वाटले, तिचे डोळे भरून येतील. ती माझ्या टोपलीत कणगी मोजत होती.

"अर्धं राहतंय की," ती म्हणाली. "आणि चार घरांत दिलीया. आता तुझं पाचवं." चोवीस मोजून तिने टोपलीवर फडके बांधले. "वैशाखात अंधारात ठेव. पाणी घालू नकोस. त्यांची त्यांना वेळ कळती. कोंब दिसला, की वाट बघायची नाही."

गाडी शिनोळीला आली, सीमेची पाटी मागे गेली. रताळ्यांनी भरलेला एक ट्रक आमच्या पुढे बेळगावच्या बाजाराकडे चालला होता. टोपली मी मांडीवर घेतली होती. आई याच रस्त्याने पहिल्यांदा सासरी गेली, तेव्हा तिनेही बियाणे असेच सांभाळले असेल.

मे महिन्यात बरोबर कोंब आले. अंधारात, पाण्यावाचून. या वेळी मी परीक्षेच्या उत्तरपत्रिका बाजूला ठेवल्या. हत्तीची कुंडी रिकामी केली, माती आणि शेणखत घातले, आणि पहिल्या पावसाला कणगी लावली. पण चोवीसच्या चोवीस नाहीत. लावण्याआधीच सहा वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडे गेल्या, सहा आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या आजींकडे, त्यांच्या दारासमोर माती आहे म्हणून. उरलेल्या बारांचा वेल श्रावणात गच्चीच्या कठड्यावरून पलीकडच्या गच्चीत उतरला. पलीकडच्या काकूंनी तो काय आहे ते विचारले, आणि त्यांनाही पुढच्या वर्षीचे आश्वासन देऊन मी मोकळी झाले.

आता दिवाळी आली आहे. फराळाचे डबे भरले आहेत, आकाशकंदील लागला आहे, आणि त्याच्या उजेडात गच्चीवरच्या वेलाची खालची पाने पिवळी पडू लागलेली दिसतात. मुलगा रोज विचारतो, "आई, आता खणायचे का?" मी त्याला मामीचे उत्तर देते. मार्गशीर्षात.